दुसऱ्याची कंबर, आपला अंगठा

वाचकांचे प्रश्न : फिजिओथेरपीचे शिक्षण, विद्यार्थ्यांचे स्वास्थ्य आणि प्रत्यक्ष काम

या विषयावर गेल्या दोन महिन्यांत आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रांना येथे उत्तरे देत आहे. पत्रे संक्षेपाने छापली आहेत आणि पत्रलेखकांची नावे वगळली आहेत, कारण तिघांनी तशी विनंती केली आणि उरलेल्या दोघांनी ती करायला हवी होती असे मला वाटले.

माझी मुलगी बीपीटीएचच्या, म्हणजे फिजिओथेरपीच्या पदवीच्या, तिसऱ्या वर्षाला आहे. वर्षभरापासून तिची कंबर दुखते. घरी आली की पाठीखाली उशी घेऊन पडते, रात्री दोन-दोन वाजेपर्यंत जर्नल लिहिते, चिडचिड करते. घरातले गमतीने म्हणतात, ‘लोकांच्या कंबरा बऱ्या करायला निघालीस, आधी स्वतःची बघ.’ तिला आता हसू येत नाही. हे शिक्षण तिला झेपत नाही, असा याचा अर्थ घ्यावा का?
— एक आई, सातारा

तसा अर्थ घेऊ नये. ऑस्ट्रेलियातील ॲडलेड येथे फिजिओथेरपीच्या पदवी विद्यार्थ्यांचा एक अभ्यास झाला होता. तो २००३ साली प्रसिद्ध झाला. कधी ना कधी कंबर दुखल्याचे ६९ टक्के विद्यार्थ्यांनी सांगितले, गेल्या वर्षभरात दुखल्याचे ६३ टक्क्यांनी, तर गेल्याच आठवड्यात दुखल्याचे २८ टक्क्यांनी. पहिले वर्ष ओलांडलेल्या विद्यार्थ्यांमध्ये कंबरदुखीचा धोका लक्षणीय वाढलेला दिसला, आणि ज्या गोष्टींशी तिचा संबंध दिसला त्यांतली एक अगदी साधी होती : मान खाली घालून तासन्‌तास बसणे. आपण लिहिलेले रात्री दोन वाजेपर्यंतचे जर्नल म्हणजे दुसरे काय?

त्यात प्रात्यक्षिकांची भर पडते. फिजिओथेरपीचे विद्यार्थी आधी एकमेकांच्या अंगावर शिकतात. एक जण कॉटवर झोपतो, दुसरा त्याच्यावर तंत्राचा सराव करतो, मग पाळी बदलते. अनेक ठिकाणी या कॉटची उंची कमी-जास्त करता येत नाही, त्यामुळे पाच फुटांची मुलगी आणि सहा फुटांचा मुलगा एकाच उंचीवर वाकून शिकतात. मुलगा कमरेतून दुमडतो, मुलगी टाचा उचलून खांद्याने रेटते. पुढे वॉर्डात पोस्टिंग, म्हणजे पाळीपाळीने प्रत्यक्ष काम, सुरू झाले, की पक्षाघाताच्या रुग्णाला पलंगावरून खुर्चीत बसवायचे असते; हाताशी रुग्णाला धरायचा पट्टा नसतो, नातेवाईक चहाला गेलेले असतात आणि पुढचा रुग्ण वाट पाहत असतो. कंबर सांभाळून वजन कसे उचलावे, हे या मुलीला पुस्तकातले पान सांगून म्हणून दाखवता येईल. त्या घटकेला मात्र ते आठवण्याइतकी उसंत तिला मिळत नाही.

घरातली थट्टा निर्मळ आहे, हे मी समजू शकते. तरीही ती थांबवावी, असे मी आपल्याला आग्रहाने सुचवते, आणि त्याला संशोधनाचाही आधार आहे. ऑस्ट्रेलियातीलच काही संशोधकांनी कामामुळे दुखणी जडलेल्या फिजिओथेरपिस्टांच्या सविस्तर मुलाखती घेतल्या आणि २००२ साली त्या लिहून काढल्या. त्यातून या व्यवसायाची एक अलिखित रीत पुढे आली : फिजिओथेरपिस्ट हा जाणकार असतो, कष्टाळू असतो, रुग्णासाठी झिजणारा असतो, मग त्याचीच पाठ दुखली तर ती त्याच्या ज्ञानातली उणीव ठरते. म्हणून तो दुखणे लपवतो, आपल्या आपणच उपचार करतो आणि काम मात्र तेवढेच रेटतो. ही रीत शिकण्याच्या वयात अंगी मुरते. आपल्या घरातले वाक्य तिला कॉलेजातही ऐकू येत असणार, वेगळ्या शब्दांत.

आता करण्यासारखे. तिने स्वतःची तपासणी स्वतः न करता एखाद्या ज्येष्ठ सहकाऱ्याकडून किंवा अस्थिरोगतज्ज्ञाकडून करून घ्यावी. पायात मुंग्या किंवा बधिरपणा, पायाची ताकद कमी होणे, लघवी-शौचावरचे नियंत्रण बिघडणे यांपैकी काहीही असेल तर थांबू नये. चिडचिड आणि झोप यांविषयी वेगळे विचारावे. आयर्लंडमधील फिजिओथेरपीच्या विद्यार्थ्यांच्या २०१० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात एक चतुर्थांशाहून अधिक जणांचे मानसिक स्वास्थ्याच्या प्रश्नावलीतील गुण काळजी करावी अशा पातळीवर होते, त्यामुळे ही शंका मनात येण्यात काही वावगे नाही. जागतिक आरोग्य संघटनेची पाच वाक्यांची एक प्रश्नावली आहे, ‘डब्ल्यूएचओ-५’. गेल्या दोन आठवड्यांत मी आनंदी होते का, शांत होते का, उठल्यावर ताजेतवाने वाटले का, अशी ती साधी वाक्ये आहेत. प्रत्येकाला शून्य ते पाच गुण द्यायचे आणि बेरजेला चाराने गुणायचे. उत्तर ५० किंवा त्याहून कमी आले, तर कोणाशी तरी बोलावे एवढाच त्याचा अर्थ. ती रोगाचे निदान करत नाही. बोलायला माणूस नसेल तर केंद्र सरकारची ‘टेलिमानस’ ही सेवा १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य आहे आणि ती मराठीतून मिळते.

खासगी दवाखान्यात सहा वर्षे काम करतो. मणक्याच्या रुग्णांवर हाताने मोबिलायझेशन करण्यात, म्हणजे दाब देऊन सांधे मोकळे करण्यात, माझा हातखंडा आहे आणि रुग्ण त्यासाठीच येतात. आता उजवा अंगठा मुळाशी दुखतो. हे काम सोडावे लागेल का?
— एक फिजिओथेरपिस्ट, इचलकरंजी

सोडावे लागणार नाही, परंतु काम करण्याची पद्धत बदलावी लागेल, आणि ती आजच बदलावी.

आपल्या व्यवसायातील हे जुने दुखणे आहे. ऑस्ट्रेलियातील फिजिओथेरपिस्टांच्या २००६ सालच्या पाहणीत ६५ टक्क्यांना कधी ना कधी अंगठ्याचा त्रास झालेला होता आणि ४१ टक्क्यांना तो त्या वेळीही होता. त्याआधी २००० साली व्हिक्टोरिया राज्यातील आठशेहून अधिक फिजिओथेरपिस्टांची पाहणी झाली. कामामुळे शरीराचे कोणते ना कोणते दुखणे जडल्याचे त्यांतील ९१ टक्क्यांनी सांगितले, आणि दर सहा जणांमागे एकाने त्यापायी कामाचे क्षेत्र बदलले होते किंवा व्यवसायच सोडला होता. हे त्रास वयस्कांपेक्षा तरुणांमध्ये अधिक आढळले. याची दोन स्पष्टीकरणे संभवतात : तरुणांकडे हातकामाचा भार अधिक असतो, किंवा ज्यांना फार त्रास झाला ते वय वाढण्याआधीच बाहेर पडतात आणि पाहणीत सापडत नाहीत. दोन्ही एकाच वेळी खरी असू शकतात.

गेल्या आठवड्यात एका इंटर्नच्या शेजारी उभी राहून मी पाहत होते. रुग्ण पालथा झोपलेला होता, तिने दोन्ही अंगठे चौथ्या मणक्यावर टेकवलेले होते आणि दाब देताना तिच्या उजव्या अंगठ्याचे शेवटचे पेर मागे वाकून धनुष्यासारखे झाले होते. नख पांढरेफटक पडले होते. दाब तिच्या खांद्यातून यायला हवा होता, तो अंगठ्याच्या सांध्यांवर अडला होता. दुखते का, असे विचारल्यावर ती म्हणाली, ‘सवय होईल मॅडम.’ अगदी हेच वाक्य मी माझ्या नोकरीच्या दुसऱ्या वर्षी स्वतःशी म्हटले होते. पुढे मला कुकरचे झाकण फिरवता येईना. ज्या रुग्णालयात मी होते तेथे रजा मागितली तेव्हा ‘अंगठा दुखतो म्हणून रजा?’ असा प्रतिप्रश्न आला, आणि खरे सांगायचे तर मलाही तो रास्त वाटला होता.

आपण अंगठ्याऐवजी तळव्याच्या करंगळीकडील हाडाच्या उंचवट्याने दाब देता येतो का ते पाहावे. कोपर सरळ आणि खांदा हाताच्या रेषेत ठेवावा. कॉट मांडीच्या मध्यापर्यंत खाली घ्यावी आणि ती खाली होत नसेल तर पायांखाली पाट घ्यावा. लागोपाठ तीन रुग्णांवर तेच तंत्र वापरू नये. आणि रुग्ण ‘त्यासाठीच’ येतात, हे आपण त्यांना शिकवले आहे. जुन्या कंबरदुखीत रुग्णाने स्वतः करायच्या व्यायामाचा वाटा मोठा असतो, तेही त्यांना आपणच शिकवू शकता. महिनाभरात फरक पडला नाही, तर हाताच्या सांध्यांची माहिती असलेल्या तज्ज्ञाकडे जावे. स्वतः स्वतःला टेप लावून वर्ष काढू नये.

इंटर्नशिपमध्ये आम्हाला संशोधन प्रकल्प करायचा असतो. आम्ही चौघांनी ‘फिजिओथेरपी विद्यार्थ्यांमधील ताणाचे प्रमाण’ हा विषय घेतला. पीएसएस-१० ही ताण मोजणारी प्रश्नावली गूगल फॉर्मवर टाकली आणि जवळजवळ चारशे जणांना पाठवली. सव्वाशे जणांनी भरली. बहुतेकांना ‘मध्यम ताण’ निघाला. गाइड म्हणतात, पेपर छापून येईल. पण यातून नेमके काय कळले, हे मलाच सांगता येत नाही.
— एक इंटर्न, नाशिक

आपल्या पत्रातले शेवटचे वाक्य आपल्या प्रकल्पातील सर्वांत चांगले निरीक्षण आहे. अशा प्रकल्पांचे फॉर्म माझ्याही फोनवर येतात, बहुधा रात्री साडेअकराच्या पुढे, ‘प्लीज भरा, उद्या लास्ट डेट’ या मजकुरासह आणि खाली चार-पाच हात जोडलेले. मी स्वतः असे काही प्रकल्प मार्गदर्शक म्हणून पार पाडले आहेत, त्यामुळे पुढे जे लिहिते आहे त्यातला दोष थोडा माझ्याही पदरी घेते.

प्रथम ‘मध्यम’ या शब्दाकडे पाहू. पीएसएस ही प्रश्नावली शेल्डन कोहेन आणि सहकाऱ्यांनी १९८३ साली मांडली. गेल्या महिनाभरात गोष्टी आपल्या हाताबाहेर गेल्यासारखे किती वेळा वाटले, अशा धर्तीचे तिचे प्रश्न आहेत आणि दहा प्रश्नांच्या रूपात तिचे गुण शून्य ते ४० या टप्प्यात येतात. एका गटाची दुसऱ्या गटाशी किंवा त्याच गटाची नंतरच्या काळाशी तुलना करण्यासाठी ती उपयोगी पडते, पण ती निदानाचे साधन नाही. १३ पर्यंत कमी, १४ ते २६ मध्यम आणि २७ पासून जास्त, ही जी वाटणी तुम्ही आणि इतर अनेकांनी वापरली आहे, ती म्हणजे शून्य ते ४० या पट्टीचे जवळपास सारखे केलेले तीन तुकडे आहेत. वांग्यांचे लहान, मध्यम आणि मोठे असे तीन ढीग केले तर मधला ढीग सर्वांत मोठा निघतो, आणि त्यावरून यंदा वांगी कशी आली हे काही कळत नाही. तुमच्या कॉलेजात ‘बहुतेकांना मध्यम ताण’ निघाला, तसाच तो बँकेच्या शाखेतही निघण्याचा संभव आहे.

दुसरी गोष्ट उत्तर देणाऱ्यांची. चारशेपैकी सव्वाशे म्हणजे तिसऱ्या हिश्शाहूनही कमी. उरलेले कोण होते? ज्याला ताण जाणवतो त्याला विषय जवळचा वाटून त्याने फॉर्म भरला असेल, तर तुमचा आकडा फुगला. जो ताणाने पुरता वाकला आहे त्याला फॉर्म उघडायचीही इच्छा झाली नसेल, तर आकडा घटला. दोन्ही शक्यता तितक्याच खऱ्या आहेत आणि तुमच्या माहितीवरून त्यांत निवड करता येत नाही, म्हणून शीर्षकातील ‘प्रमाण’ हा शब्द काढून टाकावा. फॉर्म कधी पाठवला, हेही लिहा. विद्यापीठाच्या परीक्षेच्या आधीचा महिना आणि निकालानंतरचा महिना यांत त्याच मुलाचे गुण बदलतात, कारण प्रश्नावली विचारतेच मुळी गेल्या महिन्याविषयी.

तुमच्या पत्रासोबत जोडलेल्या सारांशात ‘व्यायामाच्या अभावामुळे ताण वाढतो’ असे वाक्य आहे. तुम्ही व्यायाम आणि ताण दोन्ही एकाच दिवशी, एकाच फॉर्मवर विचारले. ज्यांचा ताण अधिक ते कमी व्यायाम करतात, एवढेच तुम्हाला दिसले. व्यायाम सुटला म्हणून ताण आला, की ताणामुळे व्यायाम सुटला, की दुहेरी पोस्टिंग लागल्यामुळे दोन्ही घडले, हे एका दिवसाच्या फोटोवरून सांगता येत नाही. ‘मुळे’ हा प्रत्यय मराठीत फार सहज लागतो. संशोधन लिहिताना तो हात राखून लावावा.

यापुढचा मुद्दा मला अधिक महत्त्वाचा वाटतो. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ सालच्या नीतिविषयक मार्गदर्शक तत्त्वांत विद्यार्थ्यांची गणना ज्यांच्यावर सहज दबाव येऊ शकतो अशा गटात केली आहे. ज्यांच्या हाती अंतर्गत गुण आहेत अशा शिक्षकाच्या नावाने फॉर्म आला, तर ‘भरणे ऐच्छिक आहे’ या ओळीला फारसा अर्थ राहत नाही. नीतिसमितीची परवानगी ही सिनॉप्सिससोबत, म्हणजे प्रकल्पाच्या आराखड्यासोबत, जोडायची एक सही आहे असे समजू नका. तुमच्या कनिष्ठ मित्रांचा एक गट यंदा नैराश्य मोजण्यासाठी पीएचक्यू-९ वापरणार असल्याचे तुम्ही लिहिले आहे. त्या प्रश्नावलीतील नववा प्रश्न मरून जावे किंवा स्वतःला इजा करावी अशा विचारांविषयी आहे. समजा, एखाद्याने रात्री एक वाजता त्यासमोर ‘जवळजवळ रोज’ असे निवडले, आणि फॉर्मवर नाव नाही. तुम्ही ते पान महिन्याने, एक्सेलमध्ये, एका आकड्याच्या रूपात पाहणार. अशा उत्तराचे त्याच दिवशी काय करायचे, कोण करणार आणि फॉर्मच्या शेवटी मदतीचा क्रमांक दिला आहे का, हे आधी ठरवल्याशिवाय तो प्रश्न विचारू नये.

मग काय मोजावे? माझे मत स्पष्ट आहे : मन मोजण्याआधी दिवस मोजावा. विद्यार्थ्यांच्या ताणावरील आपल्याकडचे बहुतेक प्रकल्प विद्यार्थ्याला विचारतात, ‘तुला कसे वाटते?’ त्याच्या पोस्टिंगविषयी फारच थोडे विचारतात. एका तुकडीतील ३० जणांनी सात दिवस एक छोटी वही ठेवावी : किती तास उभे होतो, किती रुग्ण पाहिले, किती जणांना एकट्याने उचलले, किती वेळ लेखी कामात गेला, मार्गदर्शन करणारी व्यक्ती किती वेळ शेजारी होती, दुपारचे जेवण झाले का. शेवटचा प्रश्न किरकोळ वाटेल, पण पोस्टिंगची घडी बिघडल्याचे सर्वांत आधी त्यातच दिसेल असा माझा अंदाज आहे. त्याच ३० जणांना आयसीयू, न्यूरो आणि कम्युनिटी अशा तीन पोस्टिंगांत तीच प्रश्नावली द्यावी. मग सव्वाशे अनोळखी उत्तरांपेक्षा या ३० जणांच्या ९० नोंदी अधिक बोलतील, कारण प्रत्येक जण स्वतःशीच ताडून पाहिला जाईल आणि बदल कामाच्या स्वरूपाबरोबर होतो का ते दिसेल. त्यांतील आठ-दहा जणांशी निवांत बोललात तर आकड्यांचा अर्थही लागेल. हा प्रकल्प अवघड आहे, कारण त्याचा निष्कर्ष विद्यार्थ्याला सल्ला देणार नाही, विभागप्रमुखांना वेळापत्रक बदलायला सांगेल.

हाती असलेल्या माहितीचे आता काय करावे, असे तुम्ही विचारले आहे. सरासरी आणि प्रमाण-विचलन (गुण सरासरीभोवती किती पसरले आहेत त्याचे माप) द्या, तीन ढिगांची वाटणी काढा, किती जणांना पाठवला आणि किती परत आले ते पहिल्याच परिच्छेदात लिहा, परीक्षेची तारीख नोंदवा. एवढे केले तर ते एका महाविद्यालयाचे, एका महिन्याचे प्रामाणिक चित्र होईल.

मी एका महाविद्यालयात शिकवतो. विद्यार्थ्यांच्या स्वास्थ्यासाठी आम्ही वर्षातून एकदा ताणमुक्तीची कार्यशाळा घेतो. योग, प्राणायाम, एक व्याख्यान, शेवटी अभिप्रायाचा फॉर्म. अभिप्राय उत्तम येतात. याचा उपयोग होतो असे म्हणता येईल का?
— एक अधिव्याख्याता, पुणे

अभिप्राय उत्तम येतात, कारण त्या दिवशी ओपीडी नसते.

अशा उपायांचा उपयोग होतच नाही, असे नाही. केंब्रिज विद्यापीठात ६१६ विद्यार्थ्यांवर एक यादृच्छिक चाचणी (कोण कोणत्या गटात जाणार हे चिठ्ठी टाकल्यासारखे ठरवणारी) झाली आणि २०१८ साली तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. हे विद्यार्थी फिजिओथेरपीचे नव्हेत, सर्वच शाखांचे होते. अर्ध्यांना विद्यापीठाची नेहमीची समुपदेशनाची सोय होती. उरलेल्यांना तिच्याशिवाय आठ आठवड्यांचा सजगतेच्या (माइंडफुलनेसच्या) सरावाचा वर्ग मिळाला. परीक्षेच्या काळात पहिल्या गटातील ५७ टक्के जणांचे गुण मानसिक त्रासाच्या मान्य मर्यादेच्या वर होते, दुसऱ्या गटातील ३७ टक्क्यांचे. फरक लहान नाही. तरी दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. तो वर्ग आठ आठवडे चालला, एक दुपार नव्हे. आणि पहिल्या गटाला त्या तोडीचे दुसरे काहीच दिले नव्हते, त्यामुळे लाभातील किती वाटा सरावाचा आणि किती आठ आठवडे कोणीतरी आपली दखल घेतली याचा, हे वेगळे करता येत नाही.

आणखी एक. जागतिक आरोग्य संघटनेने रोगांच्या अकराव्या वर्गीकरणात ‘बर्नआउट’ची नोंद रोग म्हणून केलेली नाही, कामाच्या ठिकाणचा जो दीर्घ ताण नीट हाताळला गेला नाही त्यातून उद्भवणारी, कामाशी निगडित घटना, अशी ती नोंद आहे. तिच्यावरचा उपाय केवळ त्या माणसाच्या श्वासोच्छ्वासात शोधणे म्हणजे नळ गळतो म्हणून फरशी पुसत राहणे. आपल्या विभागात एका मार्गदर्शकामागे किती इंटर्न आहेत, तेच रुग्णवृत्त ते वहीत, कार्डावर आणि जर्नलात असे तीनदा लिहितात का, विद्यावेतन वेळेवर मिळते का, ही यादी करून पाहावी. कार्यशाळा जरूर घ्यावी, पण त्याच वर्षी त्या तीन नोंदींपैकी एक तरी बंद करावी.

माझे वय ७१. कंबरेसाठी फिजिओथेरपीला जातो. तेथील मुलगी मशीनची चार पॅड लावते, ‘काका, वीस मिनिटे’ म्हणते आणि पडद्याबाहेर जाते. घंटी वाजली की येऊन काढते. स्वभावाने चांगली आहे. पण याला उपचार म्हणावे का? आणि आपण विद्यार्थ्यांच्या थकव्यावर एवढे लिहिता, त्याचा आम्हा रुग्णांशी काय संबंध?
— एक निवृत्त शिक्षक, डोंबिवली

काका, आपल्या दोन्ही प्रश्नांना एकच उत्तर आहे, आणि ते कॅनडातल्या एका प्रयोगात सापडते.

आपल्याला लावतात ते मशीन बहुधा आयएफटीचे, म्हणजे मध्यम कंप्रतेचे दोन विद्युत्प्रवाह एकमेकांना छेदतील असे सोडणारे. अल्बर्टा विद्यापीठातील संशोधकांनी २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या चाचणीत जुनी कंबरदुखी असलेल्या ११७ जणांना चार गटांत विभागले. दोन गटांना खरा प्रवाह दिला, दोन गटांना मशीन लावले पण प्रवाह दिला नाही. प्रत्येक जोडीतील एका गटात फिजिओथेरपिस्टने थोडक्यात माहिती दिली आणि तो निघून गेला, अगदी आपल्याकडच्यासारखा. दुसऱ्या गटात त्याने दुखण्याविषयी, रोजच्या जगण्याविषयी विचारले, ऐकून घेतले आणि पूर्ण अर्धा तास तो खोलीतच राहिला. नंतर शून्य ते दहाच्या मापावर वेदना किती उतरली ते पाहिले. खरा प्रवाह आणि सोबत संवाद : ३.१३ ने. खोटा प्रवाह आणि संवाद : २.२२ ने. खरा प्रवाह, पण एकटे सोडून दिलेले रुग्ण : १.८३ ने. खोटा प्रवाह आणि एकटे : १.०३ ने.

मधले दोन आकडे पुन्हा वाचावेत. बंद मशीनजवळ थांबलेल्या माणसाने चालू मशीनपेक्षा अधिक वेदना उतरवली. हा एकाच बैठकीनंतरचा, लगेचचा परिणाम आहे. महिन्याने काय राहते हे त्यावरून सांगता येत नाही. पण मशीनचाही परिणाम होता आणि माणसाचाही होता, एवढे त्यातून नक्की दिसते. म्हणून आपण घेता तो उपचारच आहे, फक्त अर्धा.

आता ती मुलगी बाहेर का जाते ते पाहू. संध्याकाळी सहा ते नऊ या तीन तासांत बारा रुग्ण असतील, तर प्रत्येकाच्या वाट्याला पंधरा मिनिटे येतात आणि आपले मशीनच वीस मिनिटांचे. म्हणजे एका वेळी दोन-तीन पडद्यांआड मशीन चालू ठेवल्याशिवाय हिशेब जुळत नाही. मशीनची खरी सोय ती आहे : ते फिजिओथेरपिस्टचे हात मोकळे करते, पुढच्या रुग्णासाठी. तिला पगार महिन्याचा असतो, रुग्णांची संख्या ती ठरवत नाही. आणि पॅड लावून पुढच्या पडद्याकडे जाण्याची सवय तिला या दवाखान्यात लागली असेल असेही नाही. ती बहुधा इंटर्नशिपच्या गर्दीच्या ओपीडीत लागली, जिथे दिवसभर उभे राहून तिने तेवढेच केले. थकलेला माणूस सर्वांत आधी बोलणे कमी करतो, हे आपण शिक्षक म्हणून जाणताच. वर्गात सातव्या तासाला आपणही ‘पान उघडा, वाचा’ म्हणाला असाल.

पुढच्या खेपेस तिला पॅड लावण्याआधी सांगून पाहावे : सकाळी उठताना किती दुखते, बाजारातून येताना कुठे थांबावे लागते, नातवाला उचलता येत नाही. घरी करायचे दोन व्यायाम मागून घ्यावेत आणि आपण करून दाखवत असताना तिला पाच मिनिटे पाहायला सांगावे. आणि आपल्या कॉटजवळ, पडद्याच्या आत, तिला बसायला एखादे स्टूल आहे का, तेवढे पाहून मला कळवावे.